लुसी सिस्टर पेशंटला वाचून दाखवायच्या

१७ मार्च, दुपारचे चार. मीरा रोडच्या आमच्या मानसोपचार रुग्णालयात पेशंटना चहा द्यायचं काम माझ्याकडे होतं. बेव्हर्ली पार्कच्या मेघनाताईंच्या कपात मी औषधाचे थेंब घातले आणि नोंदवहीत लिहिलं, ‘औषध स्वतःहून घेतलं.’ तीन दिवस त्या गोळ्या थुंकत होत्या. त्यांच्या नवऱ्याने हात जोडले होते, डॉक्टर ‘बघा कसं जमतं ते’ म्हणाले होते. वीस वर्षांच्या नर्सच्या नोकरीत असे चहा मी बरेच दिले होते.

पण वॉर्ड लुसी सिस्टरांचा होता. आता त्या नाहीत. ठेंगण्या, गुडघेदुखीने बेजार, जवळच्या डोंगरी गावाहून बसने यायच्या आणि पेशंटबद्दल लिहिलेली प्रत्येक ओळ त्या पेशंटलाच वाचून दाखवायच्या. “त्याचाच हाय ना? मग त्याला नको ठाव?” एकदा एका काकांनी ‘चिडखोर’ खोडायला लावून ‘जेवण उशिरा आलं’ असं लिहून घेतलं. आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. ड्युटी संपली तरी सिस्टरांचं वाचन संपायचं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी माझी ओळ वाचली. मेघनाताई म्हणाल्या, “मी कुठे घेतलं?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. मेघनाताईंनी घशात बोटं घालून उलटी काढायचा प्रयत्न केला. नंतर त्या पाणीही घेईनात.

नवरा धावून आला: बायकोला बरं करायचंय की कायदा शिकवायचाय? त्याचंही खोटं नव्हतं. मेघनाताई आठवडाभर झोपल्या नव्हत्या. शिवाय स्वतःच्या सहीने दाखल झालेल्या. घरी जाते म्हणाल्या असत्या तर अडवणं कठीण होतं.

“सांगून देता येत न्हाय ते औषध न्हाय, बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “बरी झाल्यावर तुज्या हातचा पानी पियेल का ती?”

मग त्यांनी मेघनाताईंना कोरा कागद दिला आणि तक्रार लिहायला सांगितलं. वर माझं नाव. वॉर्ड आपला, म्हणून खाली स्वतःचंही घालायला लावलं.

मला राग आला. माझं रजिस्ट्रेशन जाईल, म्हटलं.

“जाईल, न्हायतर ऱ्हाईल. कागद मात्र जायला पायजे.”

कागद गेला, पण व्यवस्थापकांपर्यंतच. सिस्टर घरी गेल्यावर व्यवस्थापकांनी तो माझ्या हातात आणून ठेवला. म्हणाले, फाईलला लावू नका, दोन दिवसांत मेघनाताई विसरतील. मी तो पर्समध्ये टाकला. फाडला असता तर कुणी विचारलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच मी तक्रार आवक-नोंदीत चढवायला लावली, पोच घेतली आणि ती शिक्क्याची प्रत मेघनाताईंना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“गोळीचं नाव काय?”

मी नाव सांगितलं. झोप येईल, तोंड कोरडं पडेल, वजन वाढेल, हेही सांगितलं. गोळी त्यांनी घेतली नाही. पाणी मागितलं. मी सीलबंद बाटली आणली आणि सील त्यांनाच तोडू दिलं.