शाल, नारळ आणि तिची दोन मिनिटं

आमचं टोळकं म्हणजे डोंबिवलीतली मूठभर रिटायर्ड मंडळी. जगातली गरिबी संपवा, असं आपापल्या नेत्यांच्या मागे लागून सांगणारे लोक देशोदेशी आहेत, त्यांच्यातलेच आम्ही. "आधी सोसायटीतलं पाणी बघा, मग जगाचं," असं आमचे हे म्हणायचे. म्हणू देत. मला आमची पद्धत पटली होती. नेत्यासमोर आकडे ओतायचे नाहीत. ज्याला गरिबीचे चटके बसलेत त्यालाच समोर बसवायचं, दोन मिनिटं बोलू द्यायचं आणि शेवटी एकच मागणी करायची.

त्या वेळची मागणी टीबीच्या औषधांची होती. जगभरातल्या गरिबांच्या औषधांसाठी जो पैसा उभा राहतो, तो आटू नये म्हणून आमच्या खासदारसाहेबांनी दिल्लीत बोलावं. आणि साहेबांशी बोलणार होती कल्याणजवळच्या मोहने गावातली एक मुलगी. विशीतली. साडीच्या दुकानात कामाला होती, आजार कळल्यावर मालकाने घरी बसवली. सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या की हिचा डोस चुकायचा आणि आजार पुन्हा उसळायचा. आता खंड पडला तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

माझ्याकडे ती सरावाला यायची. मास्क लावून खिडकीशी बसायची.

"काकू, तिकडे आफ्रिकेतपण माझ्यासारखी कोणीतरी असेल ना? दवाखान्यातून अशीच परत जाणारी?"

"असेल की गं."

"मग तिचंपण बोलून टाकते. तिला थोडीच कळणारे!" असं म्हणून हसायची आणि हसता हसता खोकायची. मला फार लळा लागला होता तिचा.

साहेबांची वेळ मिळाली आणि आमच्या अध्यक्षांच्या अंगात आलं. एवढ्या मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? बरं दिसतं का? लगेच शाल आली, नारळ आला, गुच्छ आला. मी म्हटलं, "अहो, आपण मागायला चाललोय की बारशाला?" माझं कोण ऐकतंय! आपल्याकडे माणूस भांडायला गेला तरी आधी सत्कार करतो.

बाळकुमला साहेबांचं ऑफिस होतं. आत गेल्या गेल्या आमच्या सेक्रेटरींनी शाल-नारळाचं ताट त्या मुलीच्या हातात दिलं. "तरुण आहेस, तू धर." मग अध्यक्षांनी साहेबांच्या कार्याचा गौरव सुरू केला. तो संपेचना. मी खाकरले, कोपर मारलं, शेवटी मोठ्याने म्हटलं, "साहेब, या मुलीला बोलायचंय." साहेब म्हणाले, "हो हो, बोलू ना." तेवढ्यात अध्यक्षांनी साहेबांच्या खांद्यावर शाल घातली आणि फोटोवाला पुढे आला. "ताई, मास्क खाली घ्या." तिने घेतला. तशीच, ताट धरून, ती साहेबांच्या शेजारी उभी राहिली आणि हसली. चहा आला, साहेबांना फोन आला, साहेब गेले. "विषय पोचला बरं का," असं जाता जाता म्हणाले. कुठला विषय? मेला एक शब्द कोणी बोललं नव्हतं!

रिक्षात मी रडायच्या बेतात होते. तीच मला म्हणाली, "जाऊ दे ना काकू. पुढच्या वेळी बोलेन."

पावसाळ्यात गोळ्या पुन्हा संपल्या. अध्यक्षांनी साहेबांच्या ऑफिसात फोन केले, मी दवाखान्यात जाऊन भांडले, आमच्यातल्या एकाने बाहेरून औषध मिळतंय का बघितलं. कशाचा काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

महिन्याने तिची आई माझ्याकडे आली. मुलीचा अलीकडचा, मास्कशिवायचा फोटो घरात एकही नव्हता. साहेबांबरोबरचा तेवढा होता, तोच मोठा करून घेतला होता. तिने पिशवीतून फ्रेम काढून मला दाखवली. पोरगी छान हसत होती. खांद्याशी साहेबांच्या शालीचा जरीकाठ आला होता.

"स्टुडिओवाला म्हणाला, हे काढून टाकतो. मी म्हटलं, राहू दे," आई म्हणाली. "माझी पोरगी साहेबांसमोर बोलून आलेली. घरी आली तेव्हा किती खूश होती! मी सगळं बोलले आई, साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणाली." मग तिने पदराने काच पुसली. "ताई, तुम्ही होतात ना तिथे? कशी बोलली ती?"

सरावातलं तिचं सगळं बोलणं मला पाठ होतं. मी बोलायला लागले. "साहेब, मला बरं व्हायचंय. मी गोळी कधी चुकवली नाही, गोळ्याच आल्या नाहीत. माझ्यासारख्या कुठल्या कुठल्या देशात आहेत, मला माहीत नाही. पण आमच्यातल्या कोणालाच रिकाम्या हाताने परत पाठवू नका."

आई मान हलवत ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर केवढा अभिमान! मी थांबले तशी तिने फ्रेम छातीशी धरली आणि विचारलं, "मग साहेब काय म्हणाले?"