ग्वातिद्झोची नाचणी उठेना

तिच्या आईबापांनी नाव ठेवलं मुचानेता, म्हणजे 'थकाल तुम्ही'. कोणाला उद्देशून, यावर आमच्या गावात अजून एकमत नाही. नवरा ग्वातिद्झो म्हणायचा, मला उद्देशून. आता तो गेला, त्याला वर्ष होऊन गेलं, आणि थकायची पाळी तिच्यावर आली.

पितरांच्या बिअरसाठी नाचणीला मोड आणावेत ते मुचानेतानेच. ते काम विटाळ थांबलेल्या बाईचं, आणि तिच्या हाताला गुण असा की अर्धा बुहेरा जिल्हा तिच्या दाराशी यायचा. पण या खेपेला बिअर होती तिच्याच नवऱ्याची. ती प्यायल्याशिवाय त्याचा आत्मा रानातून घरी यायचा नाही. पाहुण्यांना निरोप गेले, बैल ठरला, आणि नाचणी मात्र ढिम्म.

ओढ्यात पोतं भिजवून झालं, ओट्यावर पसरून वर ओली गोणपाटं घालून झाली. मुचानेता दर थोड्या वेळाने गोणपाट उचलून बघे आणि आपटे. दाणे लालबुंद, टपोरे, धुऊन पुसून बसवल्यासारखे. मोडाचा पत्ता नाही.

"मी म्हटलं होतं ना वन्सं, नुकती झोडलेली आहे, गेल्या वर्षीची घेऊ?"

रिंदाई, म्हणजे ग्वातिद्झोची बहीण, ओट्याशी ठाण मांडून बसली होती. "माझ्या भावाची बिअर माझ्या भावाच्या शेतातलीच होणार. उगवत नाही ती त्याची मर्जी नाही म्हणून. जन्मभर त्याच्या डोक्याशी कटकट केलीस, आता तो घरी यायला बघतो का बघ!"

हे मात्र मुचानेताला लागलं. चारचौघांत ती हात झटकून म्हणाली, "न येऊन जातोय कुठे!" पण चुलीपाशी एकटी जेवणाला साद्झाचं पीठ घोटताना तिचा हात थांबला. खरंच रुसला असेल तर? ज्या बाईचा नवरा मेल्यावरही घरी यायला तयार नाही, तिच्या हातचे मोड मग कोण मागणार?

तिने जावयाला बोलावणं धाडलं. फुंगाई बियाण्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला, आणि हे बियाणं त्यानेच सासऱ्याला आणून दिलेलं. तो आला, सासूसमोर जमिनीवर बसला, टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि मान खाली घालून बोलू लागला.

"सासूबाई, दाण्यात जनुकांची घराणी असतात. एक घराणं म्हणतं झोप, दुसरं म्हणतं ऊठ. दुसऱ्याचं चाललं की तिसरं कामाला लागतं, पिठाची साखर करतं. त्यात भाऊ पुष्कळ, एक अडला तर दुसरा हात देतो. पण ताज्या दाण्यात झोपवणाऱ्यांचाच वरचष्मा. आणि हे वाण तर आम्ही मुद्दाम तसं निवडलं, कापणीच्या पावसात कणसावरच मोड फुटू नयेत म्हणून."

"म्हणजे दाण्यातसुद्धा वन्सं आहेत! सगळे उठायला निघाले की दारात आडव्या!"

फुंगाईने हसू दाबलं. सासूसमोर दात दाखवता येत नाहीत.

"मग उठवायचं कसं, ते सांगा जावईबापू."

"काही आठवडे कोरडं, उबेत ठेवायचं. आपोआप झोप उतरते."

"पाहुण्यांना पण उबेत ठेवू का तोवर?" मुचानेताने कपाळावर हात मारला. रिंदाई म्हणाली, तुमची ती घराणी तुमच्या ऑफिसात, आमच्या घराण्याला कळतं भाऊ का रुसलाय ते.

तेवढ्यात माचिंगुरा आला. हा ग्वातिद्झोचा साहविरा, म्हणजे मयताचीही टिंगल करायचा मान असलेला मित्र. तो सरळ घरात शिरला, खुंटीवरची ग्वातिद्झोची टोपी डोक्यावर दाबली आणि डोळे चोळत, अगदी ग्वातिद्झोसारखा घसा खाकरत बाहेर आला. कुत्रंसुद्धा शेपूट हलवायला लागलं.

"काय गं ए मुचानेते, पहाटेपासून काय आरडाओरडा? ऊन डोक्यावर आल्याशिवाय मी कधी उठलोय? मग माझी नाचणी उठेल? आणि रिंदे! लहानपणी आई मला लाथ घालून उठवायची, तेव्हा मध्ये कोण पडायचं? 'दादाला झोपू दे' कोण म्हणायचं?"

रिंदाईने डोक्यावरच्या फडक्याचं टोक तोंडाला लावलं. ती हसत होती की रडत होती, कळेना. "मीच," ती म्हणाली.

"मग आता का उठवतेस? बायकोच्या वाफ्यातली जुनी नाचणी कणगीत पडलीय, ती भिजवा. जन्मभर हिच्याच हातचं जेवलो, प्यायला काय लाज?"

टोपीतून आलेला शब्द कोणी मोडत नाही. मुचानेताने भिजवलेला सगळा ढीग न्हाणीमागे फेकला, जुनी नाचणी ओढ्यावर नेली. गोणपाटाखाली पांढऱ्या मिशा फुटल्या, तेव्हा त्या बघायला पहिली धावली ती रिंदाई. बिअर फेसाळली, बैल कापला, ढोल वाजले, ग्वातिद्झो घरी आला. आमच्यातले काही त्या दिवशी घरी पोचले नाहीत, पण ते वेगळ्या कारणाने.

सगळं पांगल्यावर मुचानेता मडकी धुवायला न्हाणीमागे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फेकलेला ढीग हिरवागार झाला होता.

"आता! आता उठलात होय! सगळं पिऊन गेले लोक!"

तिने मडक्याच्या तळची घोटभर बिअर तिथे ओतली. मग कोंबड्या तिकडे वळलेल्या बघून चप्पल घेऊन त्यांच्या मागे धावली.