सफारीची बाही

माझ्या मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर बायकोची मरून टिकली चिकटवलेली असायची. कुणी विचारलं की मी आवाज खाली आणून सांगायचो, "सरकार बघतंय." तिसगावात मंडप आणि स्पीकरचा माझा धंदा. लग्न असो, सप्ताह असो, माईक चालू आहे का ते तपासता तपासता मी दहा मिनिटं बोलून घेतो. अशा माणसाला गुपित पचणं अवघड. तरी एक मी पचवलं होतं. गावच्या कारभाराची टवाळी करणारं निनावी पेज माझं होतं. वेगळं सिम, खोटं नाव, फोटोच्या जागी गाढव, असा पक्का बंदोबस्त.

त्यातली मजा काय सांगू. माझंच लिखाण लोक मला वाचून दाखवायचे. सगळ्यात झकास वाचायचे टेलरचाचा. बाजारपेठेत त्यांचं दुकान, पाय मशीनवर, फोन हातात, चष्मा कपाळावर. मी ओट्यावर बसून भोळा चेहरा करून विचारायचो, "कोण लिहितं हो हे?"

"कुनी का असंना, नालायक हाय," ते म्हणायचे. "पन लई ग्वाड नालायक हाय."

मी घरी जाऊन हे वाक्य बायकोला दोनदा करून दाखवलं.

मग चौकात पोलिसांचे कॅमेरे आले. त्यातल्या एकाच्या नेमका पुढ्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्याचे बांबू माझेच. वाढदिवस झाला, फ्लेक्स राहिला. हे आधी दिसलं ते चाचांना. मी सफारीच्या ट्रायलला गेलो होतो. बाहीला टाचण्या लावता लावता ते म्हणाले, "मंडपवाले, बगा की. कॅमेरा दिसभर सायबाचंच त्वांड बगतोय."

ट्रायल आटोपल्यावर मी ओट्यावरूनच फोटो काढला आणि घरी जाऊन पेजवर टाकला. वर लिहिलं, 'पाळत ठेवायला सरकारला अखेर योग्य माणूस सापडला.' फोटोतली स्वतःची सावली मी काळजीपूर्वक कापून टाकली होती. कडेला लटकलेल्या कापडाकडे लक्ष गेलं नाही.

पोस्ट जिल्हाभर फिरली. पार अकोले तालुक्यातून कुणीतरी ती मलाच पाठवली. मी हवेत होतो. दोन दिवसांनी चाचांना पोलीस ठाण्यात बोलावलं. चौक त्या कोनातून दिसतो तो फक्त त्यांच्या ओट्यावरून. त्यांचा फोन तिथंच ठेवून घेतला.

मी तासाभरात पेज बंद केलं आणि सिम काढून तांदळाच्या डब्यात पुरलं. परिणाम असा झाला की इकडे चाचांचा फोन जमा झाला आणि तिकडे पेज गप्प झालं. गावाला आणखी पुरावा कशाला हवा?

"पेजवर एक वळ टाका की," बायको म्हणाली. "फोन पोलिसांकडं असताना पेज बोललं, म्हंजे ते चाचा न्हाईत. तुमचं नाव सुदिक येत न्हाई त्यात."

"पुढच्या आठवड्यात तीन मंडप आहेत. स्पीकरची परवानगी त्याच ठाण्यातून येते."

"मग ती टिकली तरी काढा माझी. उगं शूर दिसता."

चाचांना रोज सकाळी ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवत. आठवडा होत आला तेव्हा मी ओट्यावर गेलो. फोनचं काय झालं, असं विचारलं.

"फोनचं काय न्हाई ओ. त्यात तिचा आवाज हाय."

चाची गेल्याला वर्ष झालं होतं. येताना कोथिंबीर आणा, डबा विसरलात, गोळ्या घेतल्या का, असले तिने बोलून पाठवलेले निरोप त्यांनी जपून ठेवले होते. तपास म्हणून ते सगळ्यांसमोर वाजवले गेले. "आता त्यातला एक शिपाई मला बगून म्हनतो, आनली का चाचा कोथमीर?" हे त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. दोरा काही जाईना.

शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात. पण तिथंही मी माल उतरवायला गेलो की पडद्याबाहेर उभं राहून हाक मारतो, मगच आत जातो. चाचांच्या फोनमध्ये मात्र सगळे न विचारता शिरले होते.

त्या संध्याकाळी मी सिम उकरून काढलं, पेज परत चालू केलं आणि एक ओळ टाकली, 'आम्ही अजून आहोत.' छाती फुगली होती, टाळ्यांच्या आधी फुगते तशी.

सकाळी चहाच्या टपरीवर कळलं, चाचांचा फोन आदल्या दिवशी मी ओट्यावरून उठून गेल्यावर लगेच परत मिळाला होता. टपरीवाला डोळा मिचकावत म्हणाला, "फोन आला अन् पेज उठलं. चाचा बी इरसाल हायेत."

मी तसाच दुकानात गेलो. चाचा शर्टाची बटणं लावत होते. "परत बोलावलंय. फोन घिऊन," ते म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला. "मला येत न्हाई. तिचे निरोप पुसून द्या. पुन्यांदा कुनाला ऐकू द्यायचे न्हाईत."

"चाचा, ते पेज माझं आहे."

"ठावं हाय." त्यांनी दाराजवळच्या खुंटीकडे बोट केलं. तिथं माझी सफारी टांगलेली होती. "फोटोत हीच बाही हाय. टाचन्या सुदिक दिसत्यात. मीच लावल्यात. अन् त्या कॅमेऱ्याचं मी तुमालाच बोललो व्हतो."

"मग तिथं सांगितलं का नाही?"

"तुमी सांगाल म्हनलं." त्यांनी फोन आणखी पुढे केला. "पुसा आता. मला उशीर व्हतोय."

मी आता तरी ठाण्यात जाईन, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि मी मुकाट्याने फोन घेतला. खरंच काढून टाकायचं का, असं फोनने विचारलं. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी अंगठा दाबला. सगळं पुसून झालं तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही बसा. मी जातो."

ठाण्यात मला खुर्ची मिळाली. ऐकून ठाण्याचे साहेब हसले. "तुम्ही होय? अहो, तुमचं निवेदन ऐकलंय मी, छान बोलता." त्यांनी पुढाऱ्याला फोन लावला. पुढारीही हसला, पुढच्या वाढदिवसाचा मंडप माझ्याकडून असं ठरलं. दोन ओळींची माफी लिहून घेतली. चहा आला. निघताना स्पीकरच्या परवानगीवर सही-शिक्काही झाला. ज्या बाकावर चाचा आठवडाभर बसले होते, तो माझ्या खुर्चीच्या मागेच होता.

मी ओट्यावर परतलो. "मिटलं," म्हणालो.

चाचांनी घड्याळाकडे पाहिलं. "एवढ्यात?"

त्यांच्या हातात फोन होता. जिथं निरोप असायचे ती मोकळी जागा ते अंगठ्याने खाली-वर सरकवत होते. मग फोन ठेवून त्यांनी खुंटीवरची सफारी काढली, माझ्या अंगात घातली आणि म्हणाले, "हात वर करा."

मी हात वर करून उभा राहिलो. माईक नसतानाही बोलणारा मी, टाचण्या मोजत राहिलो. त्यांनी खडूने खूण करत एकेक टाचणी काढून दातांत धरली, सफारी उतरवून मशीनवर घेतली आणि शिवायला लागले. मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा मला जरा बरं वाटलं.