दस्तगीरभाईंना लावलेला बोल

ज्याच्यापाशी मनुष्याचे काहीच झाकून राहत नाही, त्या अंतर्यामी नारायणाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. माझे स्नेही दस्तगीरभाई पैगंबरवासी झाले, त्याला चाळीस दिवस होऊन गेले. सकाळची संध्या आटोपून आसन उचलत होतो, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. “गुरुजी, अब्बा गेले.” मी ‘हरी हरी’ म्हणालो आणि उचललेले आसन पुन्हा अंथरून बसलो. गेल्या खंडेनवमीपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक लष्करी पिस्तूल आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या वरच्या गोऱ्या साहेबाने ते त्यांना दिले. परवाना माझ्या नावे आहे, निकामी करून घेतल्याचा दाखलाही आहे. खंडेनवमीला पाटावर आधी ते, मग माझ्या पोथ्या. दस्तगीरभाई लष्कराच्या कारखान्यात शस्त्रे दुरुस्त करून निवृत्त झालेले. चिखलीत त्यांचे छोटे वर्कशॉप होते. मुलाला माझ्याकडे संस्कृत शिकायला घेऊन आले, त्या दिवशी खंडेनवमीच होती; त्यांची नजर पाटावर खिळली. “अहो गुरुजी, ही चीज तुमच्या देवघरात! आमी फौजेत हिचं नुसतं चित्र बघितलं!” मग ते जमिनीवर मांडी घालून मलाच शिकवू लागले. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढला की गोळ्यांचे घर फिरते. इथे बार उडाला की त्याच्याच धक्क्याने वरचा अर्धा भाग मागे सरकतो आणि गोळ्यांच्या घरावर कोरलेल्या नागमोडी खाचांतून एक खुंटी धावून ते घर फिरवते. “पण मोठी नखरेल बरं का! जरा चिखलमाती खाचेत गेली की रुसून बसायची. म्हणून फौजेनं सरसकट घेतली न्हाई. हौशी अफसर तेवढे बाळगायचे. बनल्याच थोड्या.”

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याआधी ते घरी येत, मला कपाट उघडायला लावत आणि मलमलच्या फडक्याने ते पुसून, तेल देऊन जात. आतल्या भागांना हात लावत नसत. “ते परवानावाल्या कारागिराचं काम.”

गेल्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर भजनी मंडळींना ती करामत दाखवावी म्हणून मी वरचा भाग मागे ओढला. तो हलेना. पुन्हा ओढला... चारचौघांत माझी फजिती झाली, आणि मी म्हणालो, “दस्तगीरभाई, आमच्या पूजेतली वस्तू तुमच्या हाती द्यायलाच नको होती.”

जन्मभर मुलांना सर्वनामे चालवायला शिकवली. ‘आमच्या’ आणि ‘तुमच्या’ ही दोन त्या दिवशी मी जशी चालवली, त्याची लाज आजही वाटते. दस्तगीरभाईंनी खिशातून भिंग काढले, खाचा बराच वेळ न्याहाळल्या, भिंग परत ठेवले. “असेल गुरुजी. माझंच तेल कमी पडलं असेल.” दोन्ही हातांत प्रसाद घेऊन ते गेले. मी दारापर्यंतही उठलो नाही.

त्यांच्या निधनानंतर मी पिस्तूल परवानाधारक कारागिराकडे नेले. त्याने सुईने खाचेतून लाल खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली. “हे कुंकू, आणि ही अक्षत. ओलं करून लावत होतात ना? त्यानंच गंज धरलाय.”

तसाच काळेवाडीला त्यांच्या घरी गेलो. भाभींपुढे हात जोडून सर्व सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आमाला म्हाईत हाय, गुरुजी. त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी. मी म्हनलं, मग तिथंच का न्हाई बोललात? तर म्हनले, चार लोकांत गुरुजींच्या देवाच्या कुंकवाला गुन्हेगार ठरवू व्हय? येतील ते हप्त्याभरात, मग दोघं मिळून हसू...” पुढे त्या म्हणाल्या, “दर गुरुवारी वर्कशॉपला लवकर कुलूप लावून घरी बसायचे. गुरुजी आले तर, म्हनायचे.”

मी गेलो नाही. चिंचवडहून काळेवाडी काही लांब नाही.

त्या दिवशी माझ्या घरी बसलेली मंडळी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच लिहितो: दस्तगीरभाईंच्या हाताला दोष नव्हता. दोष माझ्या हाताचा होता, आणि त्याहून अधिक माझ्या जिभेचा.

वाचकहो, तुमचे घरदार सुखात नांदो. कोणाला चुकून बोल लावला गेलाच, तर तो परत घ्यायला तुमची पावले वेळेवर उठोत, आणि ऐकणारा तेव्हा घरी असो.