बापूजींच्या बारा खुर्च्या

प्रिय नीरजा आणि समीर,

शाळेच्या मेळ्यात तुम्ही मदतनिधीची तिकिटं विकणार आहात, असं तुमच्या आईने कळवलं. म्हणून हे लगेच लिहिते आहे. मेळा उरकल्यावर माझ्या सल्ल्याचा काय उपयोग?

तर प्रसंग असा. गोंदियातल्या एका राइस मिलचं पटांगण, धान वाळवायचं. हिवाळ्यातली दुपार. मधोमध चार तखत जोडून केलेलं स्टेज, त्याच्या मागच्या कडेला बांबूंना बांधलेली ताडपत्री. तिच्याआड वाघ, ससे आणि एक हत्ती रंगून तयार. समोरच्या सगळ्या खुर्च्या अडवलेल्या. आणि खुर्च्यांच्या मागे, हातात तिकीट घेऊन, चाळीसेक माणसं उभी.

खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकाकडेही तिकीट नव्हतं.

मी तेव्हा एका शिशुगृहाची सुपरिंटेंडेंट होते. नाव मोठं, काम साधं. बिडी कारखान्यात जाणाऱ्या बायांची मुलं दिवसभर सांभाळायची, त्यांना जेवू घालायचं. मात्र आम्ही चालती मुलंच घ्यायचो. तान्ह्यांसाठी वेगळी खोली, पाळणे आणि एक आया हवी होती, आणि त्यासाठी पैसे नव्हते.

सुकवाराची मुलगी तान्ही होती. सुकवारा बिड्या वळायची आणि पोरीला मांडीवर ठेवायची. तंबाखूची धूळ नाकात जाऊन पोर सारखी खोकायची. शेवटी ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून पोरगी घरी ठेव, नाही तर तूही येऊ नको. सुकवारा माझ्याकडे आली.

"बाई, काम सोडलं तं खाऊ काय? अन् पोरीले कोठी ठेवू?"

"महिनाभर शेजारी कोणाकडे ठेव. तोवर खोली होईल," मी म्हणाले. असं बोलून बसल्यावर खोली होणं भाग होतं.

म्हणून बेनिफिट शो ठरला. बेनिफिट शो म्हणजे करमणूक आपल्याला, कमाई कामाला. शिशुगृहाची मुलं नाटक करणार, गावाने तिकीट काढून बघायचं. नागपूरला कॉलेजात असताना मी नाट्यगृहात नंबरच्या खुर्च्या पाहिल्या होत्या. तशाच इथे मांडायच्या ठरवल्या. खुर्च्या विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून बैलगाडी घेऊन घरोघर फिरले. सगळ्यात चांगल्या बारा दिल्या बापूजींनी. बापूजी जवळच्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, रुबाब त्यांच्याकडेच होता. प्रत्येक खुर्चीला मी खळीने नंबर चिकटवला. तिकिटं रेल्वे कॉलनीत हातोहात गेली आणि पाळण्यांसाठी सुताराला अॅडव्हान्सही देऊन टाकला.

माझ्या आखणीत सगळं होतं. एवढंच नव्हतं, की खुर्च्यांचे मालक नाटकाला येतील आणि आपापली खुर्ची ओळखून तिच्यावर बसतील.

मी पहिल्या रांगेत बापूजींकडे गेले. ते एकटेच आले होते, पण आपल्या बाराही खुर्च्या त्यांनी अडवून ठेवल्या होत्या. "बापूजी, आपलं तिकीट?"

"खुर्ची कोणाची हाय, बाई?"

"आपलीच."

"मंग माह्या खुर्चीवर बसाले तिकीट कायले?"

मागच्या रांगांतून "बरोबर! बरोबर!" असा पाठिंबा आला. तिकडे एका रेल्वे गार्डची बायको मला म्हणाली, "आम्ही खुर्चीचे पैसे दिलेत. खुर्ची द्या, नाही तर पैसे परत करा." पैसे सुताराकडे होते. दाराशी सुकवारा उरलेल्या तिकिटांचा गठ्ठा धरून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात माझं लक्ष स्टेजच्या मागच्या बाजूला गेलं. तिकडे गोदामाची लांबलचक सावली पडली होती आणि चिटपाखरू नव्हतं. मी मिलच्या मुनीमजींना हाक मारली.

"मुनीमजी, ताडपत्री सोडा आणि स्टेजच्या पुढच्या कडेला बांधा. नाटक त्या बाजूने होईल."

मुनीमजी घाबरलेच. "बाईजी! मालगुजार साहब की तरफ पीठ?"

"पीठ नाही. ताडपत्री."

मिलच्या हमालांनी हसत हसत काम केलं. मागच्या बाजूला सतरंज्या पडल्या. तिकीटवाल्यांना मी म्हणाले, "खुर्ची नाही, पण पहिली रांग आहे आणि सावली आहे." गार्डच्या बायकोने सतरंजी हाताने झटकली, बसली, आणि तिच्यामागे सगळे बसले.

नाटक सुरू झालं. ससा पडला, वाघाची शेपटी सुटली, हत्ती आईला बघून रडायला लागला. सतरंजीवर हशा. खुर्च्यांवर कडक ऊन आणि समोर ताडपत्री.

पहिले एक वकीलसाहेब उठले. खुर्ची डोक्यावर घेतली आणि वळसा घालून आले. वाटेत आता तिकिटांचा गठ्ठा घेऊन सुकवारा उभी. त्यांनी गुपचूप तिकीट घेतलं. मग दुसरे, तिसरे. खुर्च्यांची वरातच निघाली. बापूजी तेवढे बसून राहिले. मग वाघाने डरकाळी फोडली, हशाने पटांगण दणाणलं, आणि काठी टेकत तेही आले.

"तिकीट, बापूजी," सुकवारा म्हणाली.

"माह्या बापाच्या वेळपासून मले कोणी तिकीट मागतलं नाई."

"तवा माही पोरगी नोती न. आता तिच्या पाळण्यासाठी मागून राहिली."

बापूजींनी तिच्याकडे बघितलं, मग मागे उन्हात राहिलेल्या आपल्या खुर्च्यांकडे.

"बारा दे."

"बारा? बसनार तं तुमी एकलेच."

"खुर्च्या कोणाच्या हायेत? माह्याच न! मंग एकीचंच तिकीट काऊन घेऊ?"

हमालांनी खुर्च्या आणल्या. एकीवर बापूजी बसले, बाकीच्या अकरांवर त्यांनी सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांना बोलावून बसवलं आणि जमीनदारी थाटात हुकूम सोडला, "पहिलेपासून होऊ द्या नाटक!" मुलांनी ते आनंदाने पहिल्यापासून केलं. हत्ती पुन्हा रडला.

महिना संपायच्या आत तान्ह्यांची खोली झाली. पहिल्या पाळण्यात सुकवाराची मुलगी झोपली. खोकला जायला मात्र उन्हाळा उजाडावा लागला.

तेव्हा लक्षात ठेवा. मेळ्यासाठी टेबलं, खुर्च्या, तंबू, जे काही उसनं आणाल, त्याच्याबरोबर त्याचा मालकही येणार, हे धरून चाला. त्याला कुठे बसवायचं ते आधी ठरवा. आणि तिकीट त्यालाही मागा.

शिशुगृह अजून चालू आहे, आता त्याला पाळणाघर म्हणतात. बापूजींनी बारांतली एक खुर्ची परत नेली नाही. मी चिकटवलेला नंबर केव्हाच गळून पडला, वेताची बैठक दोनदा नवी विणली. खुर्ची तान्ह्यांच्या खोलीत आहे. बाळाला पाजायला आलेली आई तिच्यावर बसते.