टाकाऊ पाण्याची मालकीण

खारूताई हे नाव तिला कारखान्यातल्या फिटरनं दिलं. दिवसभर खाऱ्या पाण्यात हात घालायचे आणि नमुन्यांच्या बाटल्या खिडकीत, कपाटात, टेबलाखाली साठवून ठेवायच्या, म्हणजे ही खारच की, असं त्याचं म्हणणं. तिला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. साहेबांच्या तोंडूनसुद्धा कधीतरी ते निसटायचं, आणि मग ते उगाच घसा खाकरायचे.

ती तिथं केमिस्ट होती. कारखाना समुद्राचं पाणी ओढून घ्यायचा आणि अगदी बारीक पडद्यांतून जोरानं दाबायचा. एकीकडून गोडं पाणी निघून शहराच्या नळांना जायचं. दुसरीकडे उरायचं ते जवळजवळ दुप्पट खारट पाणी. त्याला तिथं ब्राइन म्हणत. हे ब्राइन सिमेंटच्या एका उघड्या चरीतून किनाऱ्याच्या वाळूवरून वाहत परत समुद्रात पडायचं. शहर खूश होतं, साहेब खूश होते, आणि ब्राइनकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

पाहायचा तो एकटा तिचा थोरला भाऊ. दादाची लहानशी होडी होती आणि त्याहून लहानसं घर, त्यात तो, वहिनी आणि खारूताई असे तिघं राहायचे. ती कामावरून आली की ताटावर बसता बसता दादा विचारायचा, "आज किती मीठ ओतून आलीस?"

"तुझ्या नळाला पाणी कुठून येतं रे?"

"मी नळाचं पितो कुठे?"

हे खरं होतं. घरामागच्या जुन्या विहिरीचं मचूळ पाणी तो घटाघटा प्यायचा, आणि तोंड वाकडं होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा. वहिनी भिंतीकडे तोंड करून हसायची.

मग एक दिवस दादाचा नांगर चरीच्या तोंडाजवळ तळाला अडकला. सोडवायला त्यानं बुडी मारली. वर आला तो मूठ आवळूनच. घरी येऊन त्यानं जेवणाच्या पाटावर काळपट, कुजलेल्या गवताचा एक पुंजका ठेवला. लहानपणी दोघं भावंडं याच गवतात खेकडे शोधायची.

"तुमचं पाणी जड आहे," तो म्हणाला. "वर मिसळत नाही. चादरीसारखं तळाशी पसरतं. खाली काही उरलेलं नाही."

त्या दिवशी त्यानं टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. ब्राइनमध्ये मॅग्नेशियम आहे, ते काढता येतं, विकता येतं. काढायचं म्हटलं की या पाण्याकडे बघावं तरी लागेल. मागची शेड रिकामी पडली आहे, ती मला द्या.

"बाई, आपला धंदा पाण्याचा आहे. पावडरीचा नाही."

"फेकतोय ते तरी बघू द्या, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्यांना घाबरणारा होता. त्यांनी हळूच विचारलं, "लिथियम निघेल का हो त्यातून? सगळीकडे त्याचंच ऐकतोय."

"समुद्रात सोनंही आहे. चिमटीभर मिळवता मिळवता आपले दात पडतील. मॅग्नेशियम मात्र मुठीमुठीनं आहे."

शेड मिळाली. तिनं पिंपात ब्राइन घेतलं, त्यात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं सोडला, आणि सगळं पिंप दुधासारखं पांढरं झालं. फिटर बघतच राहिला. पण त्या पांढऱ्या गाळानं पुढे त्यांचा चांगलाच अंत पाहिला. तो खाली बसेना, कापडातून गळेना, नुसता थलथलत राहायचा.

"ताई, ही तर कपड्यांना घालायची खळ झाली," फिटर म्हणाला.

"मग तुझा शर्ट आण."

पिंपांमागून पिंपं वाया गेली. हात सोलवटले. शेवटी एका जुन्या शोधनिबंधात वाचलेली गोष्ट तिनं करून पाहिली. आधीच्या खेपेतला बसलेला गाळ तिनं नव्या पाण्यात घातला, दुधाला विरजण लावावं तसा. नवा पांढरेपणा जुन्या कणांवर चढत गेला, कण जाड झाले, आणि संध्याकाळपर्यंत पिंपात वर स्वच्छ पाणी आणि खाली घट्ट पांढरा थर असे सरळ दोन भाग झाले. फिटरनं पिंपाला कान लावला, जणू आत कुणी बोलणार होतं. कपडे रंगवणाऱ्या एका गिरणीला तिच्या सांडपाण्यातलं आम्ल मारायला हा गाळ चालला. त्यांनी आणखी मागितला.

तेवढ्यात मुख्य कचेरीचा हुकूम आला: शेड सुट्या भागांना हवी आहे, प्रयोग बंद करून पिंपं रिकामी करा.

"नाही करणार," खारूताई म्हणाली.

"बाई, हुकूम आहे."

"तुम्हाला आहे. तुम्ही करा रिकामी. मी करणार नाही."

साहेबांनी तिची बदली भांडारात केली. तिनं पांढरा कोट काढला, नीट घडी घातली आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "भांडारात कोट लागत नाही. आणि मला भांडार लागत नाही." दारापर्यंत गेली आणि परत वळली. "तुम्ही टाकता ते ब्राइन मला द्या."

"ती कंपनीची मालमत्ता आहे."

"कुठपर्यंत?"

"समुद्रात पडेपर्यंत," साहेब बोलून गेले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"आणि पडल्यावर तळ नासला, तर तो कुणाच्या मालकीचा?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

घरी तिनं सगळं सांगितलं. दादानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "चर ज्या वाळूवरून जाते ती वाळू आमच्या मच्छीमार सोसायटीची आहे. त्यांना वाट दिली ती आम्ही. पंप कुठे ठेवायचा ते दाखव."

"तू मदत करणार?"

"तुला नाही. समुद्राला."

वहिनीनं शिलाई मशीन पुढे ओढलं. "वन्सं, गाळायच्या पिशव्या केवढ्या हव्यात ते सांगा. तुमच्या दादाचं मनावर घेऊ नका, त्यांना गोड बोलणं पचत नाही."

किनाऱ्यावर पत्र्याचं छप्पर उभं राहिलं. चरीच्या अगदी तोंडाशी, पाणी समुद्रात पडतं तिथं, पंप बसला. फिटर सुट्टीच्या दिवशी यायचा आणि आपण आलोच नाही असं सगळ्यांना सांगायचा. वास लागल्यासारखे साहेब एका सकाळी रखवालदार घेऊन हजर झाले.

"हे चालणार नाही. कॉस्टिक आहे इथं. कुणाच्या डोळ्यात गेलं तर?"

"बरोबर बोललात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता, हातांत कोपरापर्यंत मोजे. "म्हणून कुंपण घातलंय, पाटी लावलीय, धुवायला पाण्याचं पिंप भरून ठेवलंय. तुमच्या चरीच्या तोंडाशी पाटी कुठाय? माशांना वाचता येत नाही, पण माणसांना येतं."

रखवालदार खाली बघून हसला. साहेब परत गेले.

कंपनीनं मग दुसरा मार्ग काढला. चर बुजवून बंद पाइप टाकायचा, म्हणजे पंप कोरडा. खोदायला माणसं आली तेव्हा पाइपाच्या वाटेवर होड्या उलट्या घालून ठेवलेल्या होत्या, एकीला एक लागून. प्रत्येकीजवळ एक जण ब्रश घेऊन बसलेला.

"बाजूला घ्या," मुकादम म्हणाला.

"रंग ओला आहे," दादा म्हणाला.

रंग वाळेना. एक हात झाला की दुसरा, दुसरा झाला की कुणाला रंगच पसंत पडायचा नाही. वहिनी सगळ्यांना चहा पुरवत होती, मुकादमालासुद्धा. खोदणारी माणसं सावलीला बसून बसून कंटाळली आणि मग त्यांतला एक जण स्वतःच ब्रश मागायला आला. उन्हाळा सरत आला तरी किनाऱ्यावरच्या होड्या नटतच होत्या.

शेवटी साहेब एकटेच आले, चपला हातात घेऊन वाळूतून चालत. छपराखालच्या उलट्या पिंपावर बसले. "काय हवंय, ते एकदाच सांगा."

तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पाइप टाकायचा असेल तर टाका, पण त्याला आमच्यासाठी एक तोटी ठेवा, लेखी. आणि उरलेलं पाणी एका जागी ओतू नका. पाइप खोल पाण्यात न्या, त्याला लांबवर भोकं पाडा, म्हणजे ते वाहत्या पाण्यात मिसळेल.

"तोटी देतो. पाइप लांबवणं माझ्या हातात नाही."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांचा पत्ता द्या."

तोटी मिळाली. पाइपासाठी मात्र तिनं मुख्य कचेरीच्या इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई तिला बघून न विचारता पंखा लावायचा. बड्या साहेबांनी तिला टाळलं, समजावलं, मोठ्या पगाराची नोकरी देऊ केली. तिनं नोकरी नाकारली आणि पुढच्या खेपेला सोबत दादाला नेलं. तो नुसता त्यांच्या गालिच्यावर ओल्या पायांनी उभा राहिला. अखेर पाइप लांब गेला.

दादानं तिथं पुन्हा बुडी मारली. वर येऊन म्हणाला, "अजून खारटच आहे."

"माहीत आहे. मी मॅग्नेशियम काढते, मीठ तसंच जातं. आता मिठाचंही बघते."

"बघ की," दादा म्हणाला. त्याच्याकडून एवढं कौतुक तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

आता ते छप्पर पक्कं झालं आहे. तिथं किनाऱ्यावरच्या बायका काम करतात आणि गिरणीची गाडी येऊन गाळ घेऊन जाते. कारखान्यात नवे साहेब आले. त्यांना किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी बंगला बांधायचा आहे, त्यासाठी ते छप्पर थोडं मागे सरकवता येईल का, हे बोलायला त्यांनी खारूताईला बोलावून घेतलं. ती गेली. साहेबांनी खुर्ची दिली आणि चहा मागवू का म्हणून विचारलं.

"मी नाही म्हणायला आलेय," खुर्ची पुढे ओढत ती म्हणाली. "पण चहा घेईन."