ताईचा थर आणि आईचा चिमटा

माझी ताई गेली काही वर्षं काचेवर गंज चढवते. असं म्हटलं की तिचं डोकं फिरतं. "गंज नाही रे, लोहाच्या ऑक्साइडचा थर!" असेल बाई. तापलेल्या काचेवर लालसर पाणी फवारायचं, बसलेला थर चुंबकासारखा वागतो का ते यंत्रात घालून बघायचं आणि घरी येऊन सगळ्यांवर खेकसायचं, हे तिचं संशोधन.

त्यातलं मला कळलं ते एवढंच. थर पातळ असला की त्यातले कण बारीक राहतात. चुंबक जवळ नेला की तेवढ्यापुरते शहाण्यासारखे एका दिशेला तोंड करतात. तो दूर केला की सगळं विसरतात. थर जाड केला की कण मोठे होतात, आणि मोठ्यांच्या लक्षात राहतं. आमच्या आईचंही तसंच आहे.

एकदा मात्र ताईच्या सगळ्यात पातळ थराने कमाल केली. चुंबक काढला तरी विसरेना! तिचे सर हवेत तरंगू लागले. पेपर लिहून पाठवलाही, त्यावर ताईची पदवी ठरली आणि आईने शेजारीपाजारी "आमची डॉक्टर" सुरू केलं. एक बाई गुडघा दाखवायला येऊनही गेली.

त्याच आठवड्यात आईने घर डोक्यावर घेतलं. हनुवटीचे केस उपटायचा तिचा चिमटा सापडत नव्हता.

"माझ्याकडे आहे," ताई म्हणाली. "प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा वितळला, म्हणून काच धरायला नेला होता."

तिने पिशवीतून काढून तो पुढे केला, आणि वाटेतच तो फ्रिजवरच्या चुंबकाला टपकन चिकटला. ताई पांढरीफटक पडली.

दुसऱ्या दिवशी तिने कोरी काच त्याच चिमट्याने धरून यंत्रात घातली. कोरी काचही चुंबक निघाली! चिमट्याचं पोलाद काचेच्या कडेला घासून लागत होतं. जाड थरात ते खपून गेलं. पातळ थरात मुळातच दम नाही, तिथे तेवढ्याशा किसाने बाजी मारली.

गप्प बसली असती तर पदवी खिशात होती. मी तसं सुचवलंही. "तूच गप्प बस," म्हणाली आणि सरांकडे गेली. पुढचं तिनेच सांगितलं.

सरांनी चिमटा उलटसुलट करून पाहिला. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, भावाला आणि आईला."

"आई कुठे बोलणार नाहीत ना?"

"सर, ती दुसरं काही करतच नाही. आणि ती गप्प बसली तरी मी सांगणार आहे."

पेपर मागे घेतला. सगळे थर पुन्हा करायचे, पदवी वर्षभर लांबली. ताईने घरी येऊन चिमटा आईच्या हातात दिला आणि रडायला लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की चिडवायचं सुचेना.

आईने चिमट्याची टोकं निरखली, आरशासमोर जाऊन हनुवटी वर केली.

"वर्षभर ना? कर मग," ती म्हणाली. "शेजारी काय सांगायचं ते मी बघते. पण पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."